टाकलेला आवाज

आवाज ओळखायला सावळीला जरा वेळ लागला, कारण तो तिचाच होता. शहापूरच्या एस.टी. स्टँडसमोर सुक्या मासळीच्या टोपल्यांपाशी ती वाकून उभी होती, बोंबील नाकाशी नेऊन बघत होती, आणि मागं उभ्या रिक्षात कोणीतरी मोबाईल वाजवत होतं. बाईचा आवाज. धवला. ऐकणाऱ्याच्या हातातलं काम सुटावं असा. कोण गं ही, किती मोकळ्या गळ्याची, असंच आधी तिच्या मनात आलं, आणि कौतुकानं आलं, खोटं कशाला बोला. मग त्या बाईनं ओळीच्या मध्येच, दुसरं कोणी थांबणार नाही अशा जागी श्वास घेतला, आणि सावळीनं बोंबील परत टोपलीत टाकला. तो श्वास तिचा होता. त्या जागी थांबायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या छातीलाच तशी खोड होती. वळून तिनं रिक्षावाल्या पोराला विचारलं, हे कुठनं आणलंस. तो म्हणाला, "यूट्यूबवर हाय मावशी. कोनाच्या तरी लग्नाची जुनी शूटिंग. आता कोन गातं असं?" त्यानं तिच्याकडं धड पाहिलंही नाही. मासळीवाली म्हणाली, घेतेस का नुसतीच हुंगतेस, तेव्हा सावळीनं पैसे दिले आणि सापगावच्या आपल्या खोलीच्या रस्त्याला लागली. उन्हात चालताना तिच्या ध्यानात आलं की आपण ओठ घट्ट मिटून धरलेत, जसं काही ते उघडले तर आतून काहीतरी सांडेल.

आता धवला म्हणजे काय हे पाड्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांना लागतं, म्हणून सांगून टाकलेलं बरं. खर्डीच्या पलीकडं, भातखाचरं संपून जंगल सुरू होतं तिथल्या पाड्यांवर लग्न लावायला भटजी येत नाही. लग्न लावते ती धवलारीण. ती मांडवात बसते, गळा मोकळा करते आणि देवांना नाव घेऊन बोलावते. आधी गावदेवी, मग वाघोबा, मग डोंगरातला, मग नदीवरची, मग ज्याच्या त्याच्या घरचे मेलेले. एकेकाला मान देऊन, रुसला असेल तर समजूत घालून, ती त्यांना मांडवात आणून बसवते. सगळे देव येऊन बसले की मग नवऱ्याला हळद लागते. तोवर कोणी घास तोंडात घालायचा नाही, लहान पोरानंसुद्धा नाही. सावळी अशी धवलारीण होती. धोंडीबाई म्हणून तिची चुलत आजी, तिच्या मांडीला मांडी लावून ती शिकली होती, आणि पुढं तर अशी गाजली की माणसं लग्नाची तारीख ठरवताना आधी सावळी मोकळी आहे का ते बघायची. मुरबाडकडच्या पाड्यांवरून, पार वैशाखऱ्यापासून तिला न्यायला माणसं यायची. देव येतो म्हणजे काय, हे तिला अंगावर कळायचं. मानेमागं गार झुळूक लागल्यासारखं व्हायचं, आणि बाया म्हणायच्या, आला गो आला. तिला त्यात कधी शंका आली नाही. आजही ती कोणी खोटं म्हणालं तर गप्प बसते, हो म्हणत नाही.

मग तिची लेक रुपा गेली. तापानं गेली. पावसाळा होता, ओढा भरला होता, जीप पाड्यापर्यंत येत नव्हती. सावळीनं पोरगी मांडीवर घेतली आणि दुसरं काय येत होतं तिला, ती गायला लागली. लग्नाचा धवला, कारण बोलावणं तेवढंच तिला ठाऊक. या रे बाबांनो, लोकांच्या मांडवात येता, माझ्या झोपडीत या. कोणी आलं नाही. त्या गोष्टीचा राग तिला आला नाही, हेच कुणाला समजत नाही. राग आला असता तर सोपं झालं असतं. तिला फक्त एवढं वाटलं की आपण ज्यांना बोलावतो ते लग्नाघरचे पाहुणे आहेत, मरणाघरी ते येत नाहीत, त्यांचा तसा रिवाजच नाही. पुढं ती शहापुरात एका दवाखान्यात आया म्हणून लागली, तिथं एक नर्स होती, स्टेला सिस्टर. तिनं एकदा चहा पिता पिता गोष्ट सांगितली. येशूचा एक जिवाभावाचा मित्र आजारी पडला, बहिणींनी निरोप धाडला, आणि हा पोचला उशिरा. मित्र मेला होता, पुरलासुद्धा होता. बहीण म्हणाली, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. आणि मग हा रडला. पुढं मित्र उठला वगैरे सगळं सिस्टर सांगत राहिली, पण सावळी तिथंच अडकून पडली होती. देव रडला? उशिरा आला आणि दारात उभा राहून रडला? ती बशी हातात धरून बसली आणि चहा निवून गेला. एवढंच झालं. कोणी तिला तांदूळ दिले नाहीत, पैसे दिले नाहीत, अंगावरून हात फिरवून काही बरं केलं नाही. पाड्यावर आजही म्हणतात की सावळी विकली गेली. किती रुपयाला, ते मात्र कोणी सांगत नाही.

सापगावच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी प्रार्थना व्हायची. सावळी जायला लागली, आणि जे व्हायचं ते झालं. दीर काळूराम पाड्याचा पुढारी, त्यानं बैठक बोलावली, धवलारीण असून देव सोडते म्हणजे काय, उद्या कोणाच्या मांडवात कोण येईल. त्याचंही चूक म्हणता येत नव्हतं, त्याला खरोखरच भीती वाटत होती. तिच्याशी बोलायचं नाही असं ठरलं. नवरा बुधू भला माणूस, तो ना धड इकडचा ना तिकडचा. पाड्यावर शेती बघायचा आणि आठवड्याला शेवग्याच्या शेंगा नाहीतर करवंदं घेऊन सापगावच्या खोलीवर यायचा, रात्र काढून जायचा, आणि या विषयावर तोंडातून अक्षर काढायचा नाही. दवाखान्यात बाकीच्या आया तिला हालेलुया मावशी म्हणायच्या. पोछा मारताना मागून कोणीतरी हळूच म्हणायचं, हालेलुया, आणि सगळ्या खिदळायच्या. याचं तिला फारसं काही वाटेनासं झालं होतं. खरं दुखणं निराळं होतं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेडमध्ये एका रविवारी पास्टर म्हणाले, ताई, तुम्ही एखादं गीत म्हणा. ती उभी राहिली, डोळे मिटले, शब्द प्रभूचेच होते, पण गळ्यातून चाल आली ती धवल्याची. तिला दुसरी चाल येतच नव्हती. पास्टर चांगले माणूस, पण त्यांचा चेहरा उतरला. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, ताई, ती चाल नको, तिला जुनं चिकटलेलं आहे. तेव्हापासून सावळी तिथंही गायली नाही. टाळ्या वाजवते, ओठ हलवते. पाड्यावर तिला ते देव नकोत म्हणून ती मुकी, आणि शेडमध्ये तिची चाल नको म्हणून मुकी. कधी कधी रिकाम्या वॉर्डात फिनेलचं पाणी ओतताना गळ्यात काहीतरी वर यायचं आणि ती खोकून ते खाली घालवायची. देवाला मात्र ती विचारायची, तुलाही नको का रे माझी चाल? उत्तर यायचं नाही. पण तो उशिरा येणारा आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती धरून बसली होती.

त्या बोंबलाच्या दिवशी ती खोलीवर पोचली तेव्हा अनंता आलेला होता. अनंता तिचा एकुलता एक पोरगा, वाशिंदकडं एका गोडाऊनला सुपरवायझर, अंगापिंडानं बापासारखा आणि जिभेनं आईसारखा. लग्न ठरलं होतं त्याचं. वैशाखऱ्याकडची हर्षाली, गुणाची मुलगी, त्यानं स्वतःच पसंत केलेली. तिच्या घरच्यांचं एकच म्हणणं होतं की रिवाजाप्रमाणं लग्न पाड्यावर व्हावं आणि धवल्याशिवाय हळद लागू नये, नाहीतर त्यांच्या म्हाताऱ्यांच्या लेखी ते लग्नच नव्हे. आणि धवलारीण तर कोणी उरली नव्हती. धोंडीबाईचं अर्धं अंग गेलेलं, तोंड वाकडं झालेलं. सावळीनंतर कोणी शिकलंच नाही. अनंतानं चपला काढता काढताच विचारलं, "काय ठरलं तुझं?"

"कसलं?"

"आये, वेड घेऊन पेडगावला जाऊ नको. एक दिवस. फक्त एक दिवस गायचं. मनात तुझा येशू ठेव ना, कोन बघतंय मनात?"

सावळी विळीवर बोंबलाची डोकी काढत होती. ती म्हणाली, "मनात कोन बघतंय ते तुला नाय ठाऊक, मला हाय."

"मग तोंडानं नुसती नावं घे. नावानं काय होतंय?"

"अरे, नावानंच तर सगळं होतंय. मी नाव घेतलं की ते येतात असं तुमी मानता, म्हनून तर मला बोलवताव. मग मी त्यांना हाक मारायची आन् ज्याला मी हो म्हटलं त्याच्याकडं पाठ फिरवायची? माझ्यानं नाय व्हायचं बाळा."

 अनंतानं खिशातून मोबाईल काढला, आणि त्या लहानशा खोलीत तिचा आवाज पुन्हा भरला, रिक्षातल्यापेक्षा मोठा, विशीतल्या पोरीसारखा उतावळा. त्यानं दोन ओळी वाजवून बंद केलं. म्हणाला, "तू नाय गायलीस तर आमी हेच लावनार. डीजेवर. काळूकाकानं हो म्हटलंय, हर्षालीच्या आज्यानं पन. आवाज धवलारनीचाच हाय म्हनतात, चालंल." सावळीचा हात विळीवर थांबला. ही गोष्ट तिच्या ध्यानीमनी नव्हती. चिडवणं, समजावणं, रडणं, या सगळ्यासाठी ती मनानं कंबर कसून बसली होती, पण आपलाच आवाज आपल्या छातीवर आणून बसवतील हे तिला सुचलं नव्हतं. ती हळू म्हणाली, "नको लावू रे. माझा आवाज हाय तो."

"तुझा कुठं राहिलाय? तू टाकलास तो. टाकलेली वस्तू कोनीपन उचलतो."

हे तो फाडकन बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं, कारण लगेच उठून त्यानं माठातलं पाणी घेतलं आणि उगीच बराच वेळ पीत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "तुला लहानपनापास्नं बघतोय मी. तुला देवाम्होरं कोन दिसत नाय." सावळीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हाताला बोंबलाचा वास होता आणि तो पंचवीस वर्षांचा होता, म्हणून ती पुन्हा विळीवर वाकली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. प्रार्थनेला बसली की धवला सुरू व्हायचा. एक ओळ आली की दुसरी तिच्या मागं येणार, कारण ती तशीच बांधलेली आहेत गाणी, एका देवाच्या हाताला धरून दुसरा येतो. प्रभू, मी काय करू, असं म्हणायला जावं तर तोंडात गावदेवीचा मान. तिला भीती वाटायला लागली की हळदीच्या दिवशी डीजे वाजेल आणि आपण नकळत मागं म्हणायला लागू, झील धरायला लागू, जशी बाया धरतात. तोंडावर आपला ताबा राहील का? तिनं स्टेला सिस्टरला फोन लावला, सिस्टर आता लांब कुठंतरी बदलून गेली होती. सिस्टर म्हणाली, तू जाऊच नको मग, आजारी आहे म्हणून सांग. ते तिला अजिबात पटलं नाही. पोराच्या लग्नाला आई आजारी पडते होय? त्याच दिवसांत बुधू आला, आंब्याच्या कैऱ्या घेऊन, आणि पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "देवाला बसायला काळू आन् प्रेमा बसनार, तुझ्या-माझ्या जागी." प्रेमा म्हणजे तिची जाऊ, काळूची बायको; आणि मांडवात देवाला बसतात ते नवऱ्याचे आईबाप. सावळीनं विचारलं, "मंग तू?" तो म्हणाला, "मी काय, मी मांडवाची दोरी बघीन." त्याच्याकडं बघून तिला हसू आलं आणि रडूही आलं. या माणसाचीही जागा आपल्यापायी गेली, हे तिला तेव्हा कुठं लक्षात आलं.

हळदीच्या दिवशी खर्डीपर्यंत जीपनं आणि पुढं पायी ती पाड्यावर गेली. अंगावर नवं निळं लुगडं होतं, दवाखान्याच्या पगारातून घेतलेलं. वैशाख रणरणत होता, खाचरं फुटलेली होती, काजूच्या बिया भाजल्याचा वास येत होता. मांडव चांगला घातला होता, उंबराची डहाळी, आंब्याचे टहाळे, खाली शेणानं सारवलेलं, आणि एका कडेला डीजेचे काळे खोके रचलेले, माणसाच्या उंचीचे. मांडवाच्या तोंडाशी आडवा बांबू होता. ती तिथं पोचली तशी पोरांच्या घोळक्यातून आवाज आला, हालेलुया. एक हसला, मग सगळे. काळूराम पुढं आला. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. तो ओरडला नाही, उलट समजुतीनं बोलला, आणि तेच वाईट होतं. "वहिनी, आलीस, बरं झालं. गातेस तर ये आत, पाय धुवायला पानी देतो, पयला मान तुझा. मागचं सगळं सोडून दिलं आमी. नाय गात, तर मग बांबूच्या भायेर. आत देव यायचे हायेत. तुला ते नको, त्यांना तू नको. मी काय वंगाळ बोलतोय का?"

सगळे बघत होते. हर्षालीच्या बाजूचे पाहुणे बघत होते. मांडवात पाटावर उघड्या अंगानं अनंता बसला होता आणि जमिनीकडं बघत होता. धोंडीबाईला खुर्चीत आणून बसवलं होतं, तिनं वाकड्या तोंडानं काहीतरी म्हटलं, कोणाला समजलं नाही, पण सावळीला समजलं. ये गो, म्हणत होती. बाकी कुणाच्या बोलण्यानं सावळी हलली नसती, पण त्या म्हातारीच्या ये गो नं तिचं एक पाऊल पुढं पडलं. जिच्या मांडीला मांडी लावून ती माणसात आली, तिनं बोलावलं आणि नाही म्हणायचं. आत गेलं की झालं. पाय धुवायला पाणी, पहिला मान, पोराच्या गालाला पहिली हळद. कोण आडवं येणार होतं? तो तर उशिरा येणारा, तो काय लगेच विचारायला येणार होता? तिच्या मनात हे सगळं आलं, आलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि मग तिला आठवला तो त्याचा दारातला चेहरा, जो तिनं कधी पाहिला नव्हता आणि तरी जो तिला सगळ्यात जास्त पाठ होता. त्याला आपण ओळखत नाही असं आपल्या तोंडानं म्हणायचं, या एवढ्या माणसांपुढं? ती म्हणाली, "काळूभावजी, मी भायेर बसते. पोराचं लगीन हाय, जानार नाय मी. पन गानार पन नाय." आणि बांबूच्या अलीकडं, उन्हात, फतकल मारून बसली. कोणी तरी म्हणालं, बसूदे, उन्हानं खूळ उतरंल. बुधू दोरी हातात घेऊन उभा होता, त्यानं तिच्या डोक्यावर सावली पडावी म्हणून एक टहाळा काढून बांबूला अडकवला. तेवढंच त्याला जमलं.

मग डीजेवाल्यानं बटन दाबलं. आणि सावळी, जुनी सावळी, मांडवात आली. तिच्यासाठी बांबू नव्हता. खोक्यांतून तिचा गळा असा फुटला की पानं थरथरली. काळूराम आणि प्रेमा पुढं हात जोडून बसले, बायांनी झील धरली, आणि एकेक देव यायला लागला. गावदेवी आली. वाघोबा आला. बाहेर बसलेल्या सावळीच्या मानेला झुळूक लागली, खरंच लागली, तिनं मान आक्रसून घेतली. तोंड तिनं पदरानं दाबून धरलं. आत ती बोलावत होती आणि बाहेर ती नाही म्हणत होती. पोरं मोबाईल काढून तिचंच शूटिंग घेत होती, कधी खोक्यांकडं, कधी तिच्याकडं. एक जण म्हणाला, बघ मावशी, देवानं गाऊन घेतलंच का नाय तुझ्याकडनं. ती मनात एकच म्हणत होती, प्रभू, धर मला, धर मला, दुसरं काही नाही, आणि तेही धवल्याच्या ठेक्यावर पडत होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो आवाज इतका सुंदर होता. आपण काय सोडलंय हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं पुरतं, बाहेरून ऐकू येत होतं. पदराआड ती रडली ती त्यासाठी. देवासाठी नाही, लोकांसाठी नाही, त्या गळ्यासाठी. आपलं काही मेलं असतं तर जशी रडली असती तशी रडली.

डोंगरातल्या देवाला खोक्यांतली ती विनवत होती, अर्ध्यावर आली होती, तेव्हा खोक्यांतून एक बारीक आवाज आला. लहान पोराचा. अगदी जवळून, माईकला तोंड लागल्यासारखा. "आये, भूक लागली." मांडवात सगळे चपापले. शूटिंगची सीडी काढणाऱ्यानं तेव्हा ते कापलं नव्हतं, आणि एवढं पुढपर्यंत कोणी कधी ऐकलंही नव्हतं. "आये, भूक लागली ना." गाणं ओळीतच थांबलं. मग तोच गळा, पण गाण्याचा नव्हे, बोलण्याचा, दटावणारा आणि लाडाचा: "थांब रे माझ्या राजा. आधी देव. देव आल्याबिगर कोन जेवतंय का? उगी, उगी बस मांडीवर." पोरगं मुसमुसलं. त्या मुसमुसण्यावरच ती पुन्हा गायला लागली, एक सूरसुद्धा हलला नाही.

पाहुण्यांत हसू पसरलं, बाया म्हणाल्या, अगो बाय, अनंताच ना तो. सावळी मात्र दगडासारखी बसली होती. तिला तो दिवस आठवतही नव्हता. किती मांडव, किती वेळा तो मांडीवर रडला असेल. पण स्वतःला तिनं ओळखलं. तीच ही बाई. आधी देव. पाड्यावर म्हणतात सावळी बदलली, शेडमध्ये म्हणतात तिचं नवं जीवन झालं, आणि ती तर होती तिथंच होती, पोराला उपाशी ठेवून देवाची वाट बघणारी. याचा आनंद मानावा की छाती पिटावी हे तिला कळेना. दोन्ही एकदमच वाटलं तिला.

पाटावरून अनंता उठला. हळद लागायची होती अजून, नवऱ्यानं पाट सोडायचा नसतो, प्रेमा त्याचा हात धरायला धावली. धवला चालूच होता. तो सरळ बांबूपाशी आला आणि आईसमोर उभा राहिला, तो आत, ती बाहेर. त्याचे डोळे लाल होते, तो चिडलाय की रडतोय हे सांगता आलं नसतं, त्यालाही नसतं आलं. म्हणाला, "तवापन मला उपाशीच ठेवलंस तू."

सावळी उठून उभी राहिली. म्हणाली, "व्हय रे."

"आन् आतापन."

"व्हय बाळा. मला दुसरं येत नाय." मग तिनं जे इतक्या वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं, "पन मांडीवर घेऊन बसले होते रे तुला. उठवून दिलं नव्हतं."

 मागं वळून अनंतानं प्रेमाच्या हातातली हळदीची वाटी घेतली आणि बांबूवरून आईपुढं धरली. काळूराम मोठ्यानं म्हणाला, "अनंता, देव पुरते बसले नाय अजून, आन् तिचा हात लावून घेऊ नको, मी सांगून ठेवतोय." अनंता म्हणाला, "बसूदेत काका, ते बसतीलच. ही पन बसलीय सकाळपास्नं." आणि बांबूवरून त्यानं वाकून गाल पुढं केला.

सावळीनं बोटं वाटीत बुडवली. आता तिचा हात कोणी धरला नव्हता, काही म्हणायला सांगितलं नव्हतं. नुसती हळद लावून हात मागं घेता आला असता, बाकीच्यांना ते चाललं असतं, काळूरामनंही कुरकुरत चालवून घेतलं असतं. पण आपल्या पोराला हळद लावताना ती कोणाचं नाव घेणार होती, आणि ते मनातल्या मनात कशाला? खोक्यांमधून तिचाच गळा नदीवरच्या देवीला बोलावत होता. त्याच्यावरून ऐकू जावं म्हणून तिला ओरडावं लागलं, आणि इतकी वर्षं न वापरलेला आवाज फाटका, खरखरीत निघाला. ती गायली नाही. साधंच बोलली. "प्रभू येशू, हा माझा अनंता. ह्याला सांभाळ. हर्षालीसंगं सुखात ठेव. ह्याला माझ्यापायी उपाशी नको ठेवू." मागं पोरांत कोणीतरी हालेलुया म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. अनंताच्या कानापर्यंत ते पोचलं असणार, कारण त्याची मान आखडली. पण आईचं बोलणं पुरं होईस्तोवर त्यानं गाल काढून घेतला नाही.